व्हीलचेअरवरून समुपदेशन आणि बाळही

पहिल्या भेटीत समोरच्याची नजर चाकांवर जातेच. मी एका वाक्यात सांगते, "मणक्याला इजा झाल्यामुळे मी चालत नाही, काही विचारायचं असेल तर विचारा." मग लगेच त्यांच्या विषयाकडे वळायचं. आपली कहाणी लांबवली, की तेच आपल्याला धीर देत बसतात.

सत्रातही दर १५ ते ३० मिनिटांनी मिनिट-दोन मिनिटं पुढे झुकून बसा. बैठकीवरचा दाब सुटला नाही तर जखमा होतात. समोरच्याला वाटतं, बाई फार मन लावून ऐकतायत. वाटू दे! दोन सत्रांमध्ये मोकळा वेळ हवाच. कॅथेटर, म्हणजे नळीने लघवी काढणं, घाईत होत नाही.

घरी बाजूने उघडणारा पाळणा घ्या. रांगत्या मुलाला उचलण्यापेक्षा मांडीवर चढायला शिकवा. त्याआधी ब्रेक लावलेत ना, बघा.