खोडदला जायच्या आधी रेडिओ डब्यात घाला

छोटा बॅटरीवरचा एफएम रेडिओ घ्या, अँटेना दुमडून टाका आणि गाणं चालू असतानाच तो स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण घट्ट लावा. गाणं जातं, नुसती खरखर उरते. मग तोच रेडिओ कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या तारेच्या जाळीत दोन-तीन पदरी गुंडाळा. जाळीला सगळीकडे भोकं आहेत, आतला रेडिओ डोळ्यांना दिसतो, तरी स्टेशन जातं. पहिल्यांदा वर्गात करून दाखवलं तेव्हा माझ्याकडून एक बाजू उघडी राहिली आणि रेडिओ खुशाल गात राहिला. पोरं खो-खो हसली. ती बाजू मिटली तेव्हा मात्र हसणं थांबलं आणि सातवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, भोकातून गाणं का नाही येत?"

हा प्रश्न खिशात असल्याशिवाय मी मुलांना खोडदची रेडिओ दुर्बीण बघायला नेत नाही. मी जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवते. आधी मीही इतरांसारख्याच सहली काढल्या. पहाटे चारला निघायचं, एका दिवसात सहा ठिकाणं, रात्री अकराला परत. दुसऱ्या दिवशी विचारलं तर मुलांना आठवायचं ते फक्त आइस्क्रीम. चूक माझीच होती. आता एका दिवशी एकच ठिकाण, आणि त्याची तयारी आठवडाभर आधी. नारायणगाव, आळेफाटा, शिरूर, पारनेर या पट्ट्यातल्या शिक्षकांना आणि आईबापांना उपयोगी पडेल म्हणून ती तयारी इथे लिहिते.

खोडदची महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, पुण्यापासून साधारण ८० किलोमीटरवर आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यातल्या १४ मधल्या भागात जवळजवळ आहेत, बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन बाहूंवर पसरलेल्या, पार २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ही दुर्बीण उभारली तेव्हा खर्च आणि वाऱ्याचा मार दोन्ही कमी राहावेत म्हणून अँटेनाची थाळी पत्र्याची न करता बारीक स्टीलच्या तारेच्या जाळीची केली. इथे तो रेडिओ कामाला येतो. या दुर्बिणीला आकाशातून पकडायच्या रेडिओ लहरींतल्या सगळ्यांत आखूड लहरी साधारण २१ सेंटिमीटरच्या, म्हणजे मोठ्या माणसाची एक वीत. जाळीचं भोक करंगळीच्या पेराएवढं. वितीएवढी लहर त्यातून निसटत नाही, तिच्या लेखी जाळी म्हणजे पत्राच. वारा मात्र आरपार जातो. हे मी सांगत नाही. मुलांना वीत आणि पेर मोजायला लावते, आणि पाचातली दोन तरी आपणहून तिथवर येतात.

४५ मीटर हा आकडा फळ्यावर लिहून काही होत नाही. साडेबावीस मीटरची दोरी घ्या, एक टोक मध्ये खुंटीला बांधा आणि फक्कीने वर्तुळ आखा. आमच्या मैदानात ते मावलं नाही. मग शेजारच्या रांगडा कांदा निघालेल्या रानात आखलं, मालकांना विचारून. अडतीस मुलं हात पसरून कडेने उभी केली तर वर्तुळाचा कसाबसा तिसरा हिस्सा भरला. एवढं केल्यावर मुलं खोडदला उतरली की अँटेनाकडे बघायची त्यांची नजरच वेगळी असते.

तिथे जाताना दोन गोष्टी सांभाळा. भेटीची वेळ आधी कळवून ठरवा, अचानक जाऊन गेटवर वाद घालू नका. आणि मोबाइल बंद म्हणजे खरंच बंद ठेवा. आकाशातून येणारे संकेत इतके क्षीण असतात की तुमचा फोन तिथे ढोलासारखा वाजतो. अहवालाला फोटो लागतात हे मला माहीत आहे. एक गटफोटो गेटबाहेर काढा आणि विषय संपवा.

२८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, खोडदला मोठं प्रदर्शन भरतं आणि शाळांची मुलं आपापले प्रयोग मांडतात. नुसतं बघायला जाणार असाल तर माझं मत, दुसरा दिवस निवडा. गर्दीत अँटेनापेक्षा पुढच्याची पाठच जास्त दिसते. प्रयोग मांडायचा असेल तर मात्र जरूर जा. अनोळखी माणसाला आपला प्रयोग दहा वेळा समजावताना अकराव्या वेळेपर्यंत मुलाला तो स्वतःला कळलेला असतो.

खोडदपासून जवळच कुकडी नदीकाठी बोरी बुद्रुक आहे. तिथे नदीकाठच्या मातीत ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडतो, इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीची राख. पाहायचं, उकरायचं नाही, पिशवीत भरून तर अजिबात आणायचं नाही.

याच कुकडीवर खाली निघोजचे रांजणखळगे आहेत. त्यांच्यासाठी वेगळा दिवस काढा, डिसेंबर ते मार्चमधला; पावसाळ्यात मुलांना घेऊन जाऊ नका, खडक शेवाळलेला असतो. बरोबर काय घ्यायचं? दर हातभर अंतरावर गाठ मारलेली, टोकाला दगड बांधलेली दोरी. कोरड्या खळग्याच्या काठावर पोटावर झोपायचं, दोरी सोडायची, गाठी मोजायच्या. मागून एका मोठ्याने पाय धरायचे, हे मी प्रेमाने नाही, सक्तीने सांगते. मग उथळ खळग्यातला एखादा गोटा हातात घेऊ द्या. गुळगुळीत, गोल, जणू कुणी कातला आहे. पाण्याच्या भोवऱ्यात असे गोटे गरगर फिरत राहिले आणि बसाल्टसारखा कठीण खडक घासत गेला; खडकाने गोटा गोल केला, गोट्याने खडक कोरला. आमचा एक विद्यार्थी म्हणाला, "पाटा-वरवंट्यासारखं." मी पाठ्यपुस्तकातली व्याख्या त्या दिवशी काढलीच नाही.

ज्यांना कुठेच जाता येत नाही त्यांनी अंगणात एक सरळ काठी रोवावी. भर दुपारी दोन तास दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवा. सगळ्यांत आखूड सावली उत्तर-दक्षिण दाखवते. ती बाराला पडेल असं सगळे पैजेवर सांगतात. आमच्याकडे फेब्रुवारीत ती जवळजवळ पाऊण वाजता पडते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबाराच्या जरा पुढे. घड्याळ, म्हणजे भारताची प्रमाणवेळ, साडेब्याऐंशी रेखांशावरची, आपण चौऱ्याहत्तरच्या आसपास. साडेआठ अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं. उरलेला फरक पृथ्वीच्या कललेल्या आसाचा आणि लंबवर्तुळी कक्षेचा, तो नववीनंतर. १६ मेच्या सुमारास आमच्या भागात ती सावली काठीच्या बुडाशी गडप होते, पुण्यात दोनेक दिवस आधी, कोल्हापुरात ६ मेच्या आसपास, नागपुरात २६ला. शाळेला सुट्टी असते, म्हणून हे काम आईबापांचं. मामाच्या गावाला गेलेल्या मुलाला तिथून फोन करायला सांगा, दोन गावांच्या तारखा जुळत नाहीत यातच मजा आहे.

पुण्यात राहणाऱ्यांची चैन आहे. आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं होतात. अरविंद गुप्तांनी तिथे बरीच वर्षं कचऱ्यातून खेळणी करून दाखवली. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकंही फुकट मिळतात. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, एवढ्यावर माझी भूमितीची पहिली सहामाही निघते. आकाशदर्शनासाठी १९४४ सालची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे.

आमच्याकडे आकाशदर्शन शेतात करता येत नाही, उसात बिबटे आहेत. शाळेच्या गच्चीवर करतो, जिन्याचं दार लावून, आणि घरी सोडायला पालक गाडी घेऊन येतात. त्यांनाच वर बोलवा. गेल्या वेळी मुलांआधी पालकांनीच दुर्बिणीपाशी रांग लावली होती.