विंडोज ११ टाकल्यावर टास्क मॅनेजरमधे अनोळखी नावं दिसून राहिली?

भाऊ, १० वरून ११ वर गेल्यावर लॅपटॉपचा पंखा घरघर करून राहिला अन् कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबलं की कधी न पाहिलेली नावं वर दिसून राहिली, तर लगेच एंड टास्क दाबू नका. अपग्रेडनंतर सिस्टम फायलींची नव्यानं यादी करते, ते काम सर्च इंडेक्सरचं. टायवर्कर म्हणजे अपडेट बसवणारा, अन् अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल हा विंडोजचाच अँटीव्हायरस, डिफेंडर. जुनी हार्डडिस्क असंल तर हे कित्येक तास चालतं, म्हणून लाईन असतानाच चार्जर लावा, स्लीप बंद करा अन् रातभर चालू राहू द्या. सेतू केंद्र चालवत असाल तर पीकविम्याची शेवटची तारीख तोंडावर असताना अपग्रेड करूच नका, सेतूवर लोकं रांगेत उभे असतात.

खरी पारख नावावरून नाही, जागेवरून होते. राइट क्लिक करून ओपन फाईल लोकेशन पहा. एसव्हीसीहोस्ट, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेवा चालवणारा, खूप वेळा दिसतो, ते बरोबरच आहे, पण तो विंडोजच्या सिस्टम३२ किंवा सिसवॉव६४ फोल्डरमधूनच चालला पाहिजे. टायवर्कर विंडोजच्याच विनएसएक्सएस फोल्डरमधे असतो, त्याला घाबरू नका. पण असंच नाव, एखादं अक्षर इकडचं तिकडं, अन् फाईल डाऊनलोड्स नाहीतर टेम्पमधे, मग नेट काढा अन् विंडोज सिक्युरिटीतून डिफेंडरचा ऑफलाईन स्कॅन लावा, मशीन रीस्टार्ट होऊन साधारण १५ मिनिटं घेते. स्पीड वाढवणारे फुकटचे क्लीनर मात्र टाकू नका बाप्पा, बरेचदा व्हायरस त्यातूनच येतो.