माचू पिचूला जाताय? कुस्को शेवटी ठेवा

माचू पिचूच्या उंचीची धास्ती घेऊन लोक पेरूला जातात, पण डोकं धरतं ते कुस्कोत. माचू पिचू सुमारे २,४३० मीटरवर आहे आणि विमान उतरतं ते कुस्को जवळपास ३,४०० मीटरवर! तिथे मुक्काम न करता टॅक्सीने थेट ओयांतायताम्बो गाठा. हे गाव साधारण २,८०० मीटरवर आहे, शिवाय माचू पिचूच्या पायथ्याला जाणारी रेल्वेही इथून मिळते. इंकांनी, म्हणजे पूर्वी इथे राज्य करणाऱ्या लोकांनी, आखलेल्या गल्ल्यांत, खळाळत्या पाटांच्या कडेला, आजही लोक राहतात. नुसतं हिंडण्यात दिवस मजेत जातो. कुस्को परतताना पाहा, तोवर शरीर रुळलेलं असतं. कोकाच्या (जिच्यापासून कोकेन बनतं त्या वनस्पतीच्या) पानांचा चहा पेरूत खुशाल प्या. पानं मात्र बॅगेत टाकून आणू नका, भारतात त्यांवर बंदी आहे.