फिशर आहे की मूळव्याध? दुखण्यावरून ओळखा

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. घाम भरपूर, पाणी कमी, त्यात सावजी रस्सा. शौच खडा होतो आणि गुदद्वाराच्या कडेला चीर पडते, तीच फिशर. दोष तिखटाचा कमी, कोरड्या खड्याचा जास्त. तिखटाने आग मात्र वाढते.

दुखणं कधी सुरू होतं ते आधी बघा. फिशरमध्ये शौच उतरताना काचेने कापल्यासारखी कळ येते आणि नंतर आग काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत राहते, कारण आतला स्नायू आवळून बसतो. त्या भीतीने माणूस शौच रोखतो, खडा आणखी कडक होतो, चीर पुन्हा उघडते. हे चक्र मोडल्याशिवाय जखम भरत नाही.

रक्त लालभडक, थोडंसं, शौचाच्या एका बाजूला रेघेसारखं दिसतं. आतल्या मूळव्याधीत रक्त बहुधा न दुखता टपकतं. दिवसभर ठणका, सूज, ताप असेल तर गळू समजा आणि त्याच दिवशी सर्जनकडे जा.

चीर बहुतेक वेळा मागे, माकडहाडाच्या बाजूला असते. भलत्याच ठिकाणी असेल तर आतड्याचा आजार किंवा क्षयरोग तपासावा लागतो. सहा आठवड्यांहून जुन्या चिरेजवळ कातडीचा छोटा कोंब येतो. लोक त्यालाच मूळव्याध समजून भलती मलमं लावत बसतात.

काळं शौच, शौचात मिसळलेलं रक्त किंवा वजन घटणं हे फिशरचं लक्षण नाही. लाज बाजूला ठेवून नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या सर्जरी ओपीडीत दाखवा.