जामठ्याचे 23 डाव: खोड-पान आलेख आणि आयतालेख कसा वाचायचा

नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या शिकवणीला दहावीची पोरं रेशीमबागेच्या मैदानावरून थेट येतात, घामेजलेली. त्यांच्यापुढे मी पुस्तकातली सारणी उघडत नाही. वर्धा रोडवरच्या जामठा स्टेडियमवर 2008 ते 2023 या काळात सात कसोट्या झाल्या, त्यांतल्या 23 डावांच्या धावा फळ्यावर लिहिते. तुम्हीही वही घ्या.

आधी खोड-पान. शेकडा हे खोड, उरलेले दोन अंक म्हणजे पान. पानं चढत्या क्रमाने:

0 | 79 91
1 | 66 73 75 77 85 93
2 | 05 09 15 33 95
3 | 19 26 30 52 55
4 | 00 41
5 | 58 66
6 | 10

पहिलं पान 79, म्हणजे 2015 मधला दक्षिण आफ्रिकेचा डाव. त्याच्या शेजारचा 91 ऑस्ट्रेलियाचा, 2023 चा. 205 लिहिताना पोरं हमखास शून्य खातात, खोड 2 पुढे नुसतं 5 लिहितात. मग वाचणाऱ्याने 25 वाचायचं की 205? शिवाय पानं सारख्या अंतरावर लिहा, कारण ओळीची लांबी हीच इथे मोजणी असते.

आता मध्यक काढायला वेगळं काही करावं लागत नाही. 23 पानं, तर बारावं पान मधलं. बोटाने मोजत या: 233. सरासरी मात्र 289 येते, कारण एकूण 6653 धावांत सगळ्यात मोठ्या तीन डावांचाच वाटा 1734 चा आहे. सरासरी मध्यकाच्या इतकी पुढे गेली की उजवीकडे, म्हणजे मोठ्या आकड्यांच्या बाजूला, लांब शेपटी आहे असं समजा.

वही डावीकडे पाव फेरा फिरवा. ओळी उभ्या राहतात, आणि हाच 100 च्या वर्गांचा आयतालेख: उंची 2, 6, 5, 5, 2, 2, 1. स्तंभ एकमेकांना चिकटलेले काढा. 400 धावा 300–400 मध्ये नाही, 400–500 मध्ये जातात. इथे मार्क जातात, म्हणून दोनदा सांगते.

आयतालेखात सगळ्यात आधी वर्गाची रुंदी बघा, उंची नंतर. रुंदी 200 केली की उंची होते 8, 10, 4, 1. मघाशी सगळ्यात उंच स्तंभ 100–200 चा होता, आता 200–400 चा झाला. धावा त्याच, डाव तेच! म्हणून "बहुतेक डाव इतक्यांत संपतात" असं कुणी म्हटलं, की रुंदी किती घेतली ते विचारायचंच. आणि 233 नंतर एकदम 295, मधे एकही डाव नाही, ही फट पानांत दिसते. 200–300 चा स्तंभ ती झाकून टाकतो.

एका मुलीने विचारलं, "मॅडम, घोषित केलेला डाव अन् ऑल आउट झालेला डाव एकाच ओळीत काहून?" प्रश्न अगदी रास्त होता. आम्ही घोषित डावांच्या पानांना गोल केले: 326, 352, 558, 566, 610. खोड 5 आणि 6 वर बिनगोलाचं एकही पान उरलं नाही. म्हणजे या सात कसोट्यांत 441 च्या वर कुणी ऑल आउट झालंच नाही, लांब शेपटी सगळी घोषित डावांची. आयतालेखात तो गोल करायला जागाच नसते.