पत्र्याच्या शेडमधला उकाडा कमी करायचाय? आधी कूलर घेऊ नका

सोलापुरात एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ ला जातो, त्यात यंत्रमागाच्या शेडवर पत्रा, म्हणजे आत बाहेरच्यापेक्षा जास्त भाजतं. मग मालक सरळ मोठा कूलर आणून कोपऱ्यात ठेवतात आणि दोन दिवसांत सगळे चिकचिक म्हणून वैतागतात, कारण आतली हवा बाहेर जायला वाटच नसते.

सुरुवात पत्र्यापासून करा. वरून पांढरा रिफ्लेक्टिव्ह पेंट मारा, बजेट नसेल तर चुना पण चालतो, फक्त पावसात धुऊन जातो म्हणून दरवर्षी मारायचा. डाईंग (कापड-सूत रंगवायचं काम) असेल तर स्टीम पाइपचं लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं वेष्टन, बघा, उघडा पाइप म्हणजे शेडमध्ये पेटलेली चूलच की ओ.

मग एक्झॉस्ट. गरम हवा वर जाते म्हणून फॅन वर आणि हवा आत यायची जाळी समोरच्या भिंतीला खाली. फॅनच्या शेजारी दार उघडं राहिलं तर तो दारातलीच हवा ओढून बाहेर फेकतो, मागाजवळ काय फरक पडत नाय. उदबत्ती पेटवून मागाजवळ धरा, धूर तिथंच घुटमळला तर जागा चुकली समजा. साइजचा हिशोब: ६० बाय ३० फूट, उंची १५, म्हणजे २७,००० घनफूट, तासाला ३० वेळा हवा बदलायची तर १३,५०० सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा) लागतात. दुकानदार इंच सांगेल, तुम्ही सीएफएम विचारा.

आता खरी भांडणाची गोष्ट. कोरड्या हवेत सुती धागा तुटतो म्हणून मालक खिडक्या बंद ठेवतो आणि कामगार आत उकडतो. इथं हनीकोंब पॅडचा डक्ट कूलर (ओल्या जाळीदार पॅडमधून हवा ओढून नळीतनं आत सोडणारा) कामाला येतो, पण एक्झॉस्ट चालू ठेवूनच. आपल्याकडं मे मध्ये दुपारी हवा कोरडी असते त्यामुळं पॅडमधून आलेली हवा गारही होते आणि दमटही, धागा पण खूश माणूस पण. पावसाळ्यात हवा दमट झाली की कूलरचा पाण्याचा पंप बंद करून नुसता फॅन चालवा.

कारखाना कायदा १९४८, कलम १३ मध्ये हवा खेळती ठेवायची जबाबदारी मालकाचीच होती, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या कामगार सुरक्षा संहितेतही ती मालकाचीच आहे हो, उपकार नव्हे.

आणि दर १५-२० मिनिटाला ग्लासभर पाणी. कोणी असंबद्ध बडबडायला लागला, अंग तापलं, तर पाणी पाजत बसू नका, सावलीत घ्या, कपडे ओले करा, फॅन लावा आणि १०८ ला फोन करा.