एका की-खाली अनेक व्हॅल्यू ठेवताना

जावामध्ये जिल्हा आणि त्यातले तालुके असा मॅप (की आणि तिच्याखालची व्हॅल्यू अशा जोड्यांचा साठा) भरताना ‘पुणे’ या की-वर आधी ‘जुन्नर’ आणि मग ‘भोर’ पुट केलं, की जुन्नर गायब. ना एरर, ना वॉर्निंग. एका की-ला एकच व्हॅल्यू असते, म्हणून व्हॅल्यूच लिस्ट ठेवायची.

मग आधी गेट करा, नल (म्हणजे काहीच नाही) आहे का बघा, नवी लिस्ट बनवून पुट करा, ही कसरत २०१४ मध्ये जावा ८ आल्यापासून करायची गरज उरलेली नाही. एक ओळ पुरते:

तालुके.कॉम्प्युटइफअ‍ॅबसेंट("पुणे", की -> न्यू अ‍ॅरेलिस्ट<>()).अ‍ॅड("भोर");

की नसेल तर ही मेथड नवी लिस्ट मॅपमध्ये ठेवून तीच हातात देते, असेल तर जुनी देते.

इथे पुटइफअ‍ॅबसेंट मात्र चुकूनही लावू नका. की नवी असेल तर ही मेथड नल परत करते आणि पुढचा अ‍ॅड नलपॉइंटर एक्सेप्शन देऊन आपटतो. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली, कारण टेस्टच्या डेटात सगळ्या की आधीच भरलेल्या होत्या.

तालुका दोनदा यायला नको असेल तर लिस्टच्या जागी हॅशसेट घ्या. जिल्हे भरले त्याच क्रमाने हवे असतील तर बाहेरचा मॅप लिंक्डहॅशमॅप करा.